मुंबईहून केनिया सफारी: घरातून निघून घरी परत येईपर्यंत नक्की किती लागतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेव्हणी आणि साडू, केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आलो. तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, लग्नाकार्यात सगळीकडे एकच प्रश्न येतो, "किती लागले रे?" मी आकडा सांगितला की समोरचा म्हणतो, अरे पण मला तर दीड लाखाच्या आतलं कोटेशन आलंय. कोटेशन बरोबरच असतं हो, पण ते गाडी, पार्क आणि राहण्याचं असतं, तुमच्या ट्रिपचं नसतं. मधला फरक माणशी ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचा निघतो आणि तो कुणी आधी सांगत नाही म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. बायकोने एक छोटी वही पर्समध्ये ठेवलेली, रोज रात्री कॅम्पचा जनरेटर दहाला बंद व्हायच्या आत ती दिवसभराचा खर्च लिहून टाकायची, पाण्याच्या बाटलीपासून. खालचे आकडे त्या वहीतले आहेत. सोपं जावं म्हणून सगळीकडे १ डॉलर म्हणजे ९० रुपये धरलेत, तुम्ही निघाल तेव्हाचा भाव टाका.

एकूण माणशी किती लागले, सरळ सांगा ना?

२ लाख २८ हजार. सहा रात्री, सात दिवस: नैरोबी एक रात्र, नैवाशा (वाटेतलं तळ्याकाठचं गाव) एक, मारा तीन, परत नैरोबी एक. ऑगस्ट म्हणजे ऐन सीझन, मधल्या दर्जाचं राहणं, चौघांत एक लँड क्रूझर.

फोड अशी. मुंबई–नैरोबी जाऊन-येऊन विमान ४६ हजार. गाडी पाच दिवसांसाठी २५० डॉलर रोज, ड्रायव्हर-गाईड आणि डिझेल धरून, चौघांत भागली म्हणजे माणशी साधारण २८ हजार १००. माराची एंट्री तीन दिवसांची ६०० डॉलर म्हणजे ५४ हजार. राहणं माणशी ६७० डॉलर, ६० हजार ३००. नैवाशाला बोट ९००. इथपर्यंत विमान सोडून १ लाख ४३ हजार होतात आणि हाच तो आकडा जो कोटेशनमध्ये असतो.

आता पुढचं. विमान तर धरायचंच. मग ई-टीए (केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी) ३ हजार, टिपा ६ हजार ३००, इन्शुरन्स दीड हजार, यलो फीव्हरची लस ३००, भाड्याची लेन्स ११ हजार, मुलुंड ते एअरपोर्ट कॅब जाऊन-येऊन आणि सामान म्हणून मोठी गाडी त्यामुळे अडीच हजार, जाकिटं-बॅग-दुर्बीण असलं सटरफटर ६ हजार, आणि तिकडचं पाणी, वाटेतली जेवणं, सिमकार्ड, लाकडी जिराफ वगैरे मिळून ८ हजार. बेरीज करून बघा, २ लाख २७ हजार ९०० येतात.

सगळ्यात मोठा खर्च कुठला? विमान ना?

नाही. सगळ्यांना विमानच वाटतं, आम्हालाही वाटलेलं, आणि मग महिनाभर रोज रात्री तिकिटाचे भाव बघत बसतो आपण तीन-चार हजार वाचवायला. वरच्या यादीत राहणं सगळ्यात वर आहे, पण खरी बघायची ती पार्क फी, तीही विमानापेक्षा जास्त. माराची एंट्री २०२३ पर्यंत माणशी ८० डॉलरच्या आसपास होती. २०२४ पासून नारोक काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्ह्याने) ती जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर केली, परदेशी मोठ्या माणसाला, आणि हे रोजचं आहे, ट्रिपचं नाही. ९ ते १७ वयाच्या मुलांना ५० डॉलर, त्याहून लहान असेल तर फी नाही. म्हणजे सीझनमध्ये नवरा-बायको तीन दिवस आत गेले तर १२०० डॉलर, १ लाख ८ हजार रुपये फक्त गेटवर.

म्हणून कोटेशन आलं की पहिला प्रश्न विचारायचा: पार्क फी किती दिवसांची धरलीय आणि कुठल्या दराने? काही जण १०० च्या दराने कोटेशन पाठवतात आणि खाली बारीक अक्षरात "पार्क फीमधली वाढ वेगळी" असं लिहितात. आम्हाला असं एक आलेलं, दिसायला सगळ्यात स्वस्त होतं, साडूने शांतपणे कॅल्क्युलेटर काढला तर ते सगळ्यात महाग निघालं.

पार्क फीचं तिकीट किती वेळ चालतं? इथे पैसे कसे वाया जातात?

हे नीट वाचा कारण आमचे इथेच गेले. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं असतं. तुम्ही दुपारी घेतलंत तरी ते संध्याकाळी ६ लाच संपतं, दुसऱ्या दिवशी उरलेलं वापरता येत नाही.

आम्ही नैवाशाहून निघालो, नारोकला जेवलो, सेकेनानी गेटला पोचेपर्यंत पावणेचार झाले. सगळे इतके आतुर की लगेच आत जाऊया म्हणालो, ड्रायव्हरने एकदा विचारलं पण, शुअर का, उद्या सकाळी जाऊ, पण आम्ही ऐकायच्या मूडमध्ये नव्हतो. माणशी २०० डॉलर भरले, चौघांचे ७२ हजार रुपये, आणि आत गेल्यावर अर्ध्या तासात असा पाऊस आला की छत बंद करून बसावं लागलं. थोडी झेब्रं, काही टोपी नावाची हरणं, आणि सहाच्या आत बाहेर. दोन तासांचे १८ हजार माणशी. बायकोने त्या रात्री वहीत तो आकडा लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

म्हणजे पोचण्याच्या दिवशी चार वाजता गेटवर असाल तर आत जाऊ नका. कॅम्पवर जा, आजूबाजूला मसाई गाईडबरोबर चालून या, लवकर झोपा आणि सकाळी सहाला गेटवर उभे रहा. पूर्ण दिवसाचा डबा बरोबर घ्यायचा, सगळे कॅम्प बांधून देतात, आणि बाहेर न येता संध्याकाळपर्यंत आतच रहायचं. २०० डॉलर त्या दिवशी वसूल होतात.

दुसरी गोष्ट, पार्कच्या आतल्या लॉजमध्ये राहात असाल तर निघायच्या दिवशी सकाळी १० च्या आत गेटबाहेर पडावं लागतं, उशीर झाला की आणखी एका दिवसाची फी. आतले लॉज महाग असतात पण पहाटे गेटच्या लायनीत थांबायला लागत नाही. आम्ही सेकेनानी गेटबाहेर राहिलो, गेट दहा मिनिटांवर, आणि मला तरी आत राहायचे जादा पैसे द्यावेसे वाटले नाहीत.

गाडीत किती जणं असावीत?

चार. ताडोब्यात जिप्सीत सहा जणं बसवतात ते आठवा, वाघ डाव्या बाजूला आला की उजवीकडचे तिघं दुसऱ्यांच्या डोक्यांचे फोटो काढतात. लँड क्रूझरमध्ये छत वर उचललं जातं, सगळे उभे राहू शकतात, पण सहाजण झाले की कॅमेरा टेकवायला जागा उरत नाही.

पैशाने बघायचं तर पाच दिवसांची गाडी १२५० डॉलर. दोघांत माणशी ५६ हजार, चौघांत २८ हजार, सहा जणांत पावणेएकोणीस हजार. दोनाचे चार झालात की माणशी २८ हजार वाचतात, चाराचे सहा झालात की फक्त साडेनऊ हजार, आणि त्या साडेनऊ हजारांसाठी तुम्ही अख्ख्या सफारीची जागा देऊन टाकता. नका करू. तुम्ही दोघंच असाल तर अजून एक जोडी शोधा, भाऊ-वहिनी, मित्र, कुणीही, पण पहाटे साडेपाचला तोंड न वाकडं करता उठणारं हवं.

व्हॅन स्वस्त पडते, पण पाऊस झाला की माराची काळी माती अशी चिकट होते की व्हॅन रुतते. ऑगस्टमध्ये आम्ही दोन व्हॅन दोरीने ओढून काढलेल्या बघितल्या. ग्रुप टूर घेणार असाल तर "गाडी कुठली आणि एका गाडीत किती जणं" हे ईमेलवर लेखी घ्या. "खिडकीची सीट प्रत्येकाला" एवढ्यावर खूश होऊ नका, सात सीटच्या गाडीत खिडक्या सगळ्यांना असतातच.

टूर कंपनीकडून घ्यावं की थेट नैरोबीच्या ऑपरेटरकडून?

दोन्ही चालतं, हिशोब वेगळा पडतो एवढंच. इथल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं की त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, तो गेला तो गेला. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. त्याचे दर गेल्या काही बजेटमध्ये बदलत आलेत: ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि वर २० टक्के होता, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली, २०२६ च्या बजेटने तो सरसकट २ टक्क्यांवर आणला, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर आपल्या सीएला विचारा. टीसीएस हा खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो किंवा रिफंड येतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात ना, चौघांचं मिळून पॅकेज मोठं असेल तर ५ टक्के असताना एकदम तीस-चाळीस हजार जास्त भरायला लागायचे आणि घरात भांडण व्हायचं की हे कुठून आले. आधीच बाजूला काढून ठेवा.

थेट बुक केलं तर बँकेतून पैसे पाठवायचे, बँकेचा चार्ज आणि डॉलरचा भाव जरा वरचा लागतो. आम्ही थेट केलं कारण साडूच्या ओळखीतले एक जण आधी त्याच ऑपरेटरकडून जाऊन आलेले. ओळख नसेल, घरात ज्येष्ठ मंडळी असतील, पहिल्यांदाच परदेशात जाताय, तर इथली कंपनी घ्या, काही बिघडत नाही. चार पैसे जास्त जातात पण रात्री दोनला फोन उचलणारं माणूस मराठीत बोलतं.

यलो फीव्हरची लस खरंच लागते का? केनियावाले तर विचारत नाहीत म्हणे

केनियात शिरताना नाही, मुंबईत परत उतरताना लागते! केनिया यलो फीव्हरच्या देशांत येतो, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाकडे लसीचं पिवळं कार्ड नसेल तर इथे एअरपोर्टवरच थांबवतात आणि सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

सरकारी सेंटरला ३०० रुपये लागतात, पण ठरावीक वारी देतात आणि अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून तिकिटं काढली की दुसरं काम हेच. आम्ही उशीर केला, मेव्हणीला तारीख मिळेना, तिला शेवटी ऑफिस बुडवून दोन खेपा माराव्या लागल्या. पासपोर्ट ओरिजिनल न्या, त्याचा नंबर कार्डावर लिहितात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, वय साठच्या वर असेल, गरोदर असाल, तर आधी आपल्या डॉक्टरशी बोला. माझ्या आईला यायचं होतं, वय ७१, डॉक्टर नको म्हणाले, मग आम्हीही आग्रह केला नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.

व्हिसा?

आता व्हिसा नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ई-टीए असते. ३० डॉलर आणि वर थोडा प्रोसेसिंग चार्ज. सरकारी साइटवरूनच भरा, सर्चमध्ये वर येणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट जोडावं लागतं, म्हणजे ते आधी हातात हवं.

कुठल्या महिन्यात गेलं तर स्वस्त? मे महिन्याच्या सुट्टीत जावं का?

मुंबईकरांची अडचण हीच आहे की आपल्या सुट्ट्या आणि माराचं कॅलेंडर जुळत नाही. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस. मे मध्ये फी १०० डॉलर, कॅम्पही स्वस्त, पण रस्ते चिखलाचे, गवत उंच, प्राणी शोधायला कठीण जातात. गणपतीच्या आसपास गेलात तर विल्डबीस्टचं (कळपाने फिरणारी मोठी हरणं) मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर, बघायला मिळतं, पण फी दुप्पट आणि कॅम्प फुल. दिवाळीला फी २०० च असते, मायग्रेशन टांझानियाकडे परत निघालेलं असतं आणि छोटा पाऊस सुरू होतो, म्हणजे पैसे सीझनचे. माझ्या मते पैशाच्या दृष्टीने दिवाळी सगळ्यात वाईट.

मारा नदी ओलांडणारे हजारो विल्डबीस्ट बघायचेच असतील तर जुलैचा शेवट ते सप्टेंबर, आणि तेवढे पैसे मोजायची तयारी ठेवा. आणि ऐका, नदीवर जाऊन बसलं म्हणजे ते ओलांडतातच असं नाही. आम्ही एका दिवशी साडेचार तास काठावर थांबलो. पहिला विल्डबीस्ट पाण्यात पाय घालायचा, वास घ्यायचा, मागे फिरायचा, मग मागचे चारपाचशे सगळे मागे फिरायचे, धूळ उडायची, परत यायचे. दुपारी दोनच्या सुमारास एक झेब्रा उतरला आणि मग धरण फुटावं तसे सगळे सुटले, वीस मिनिटं नुसता पाण्याचा आणि हंबरड्यांचा आवाज. मेव्हणी रडत होती. त्या २०० डॉलरबद्दल आमच्यात कुणीही, कधीही काही बोललं नाही.

सिंह, चित्ता, हत्ती एवढं पुरेसं असेल तर मात्र जानेवारी-फेब्रुवारी धरा. कोरडं हवामान, गवत आखूड, गाड्यांची गर्दी कमी आणि फक्त एंट्रीतच तीन दिवसांचे माणशी २७ हजार वाचतात. शाळेतल्या मुलांची रजा काढावी लागेल. काढा, पोरं विसरणार नाहीत.

बलून सफारी, विमानाने मारा, मसाई गाव, हे सगळं बजेटमध्ये धरायचं का?

बलून माणशी साधारण ४५० डॉलर किंवा वर, म्हणजे चाळीस हजार एका तासाचे. आम्ही नाही केलं. तेवढ्यात सीझनचे दोन जादा दिवस माराची एंट्री होते आणि मी कधीही दिवसच घेईन. पण हनिमून असेल, साठावा वाढदिवस असेल, तर गोष्ट वेगळी.

विमानाने मारा म्हणजे नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून छोटं विमान, पाऊण तासात पोचता. रस्त्याने पाच-सहा तास. कंबरेचा त्रास असेल तर निदान एका बाजूने विमान घ्या, बॅग मात्र मऊ हवी आणि १५ किलोच्या आत. आमच्यासारखे मुंबई-गोवा हायवेवर घडलेले लोक असाल तर रस्ता जड जाणार नाही, वर रिफ्ट व्हॅलीचा कडा बघायला मिळतो.

मसाई गावाचे पैसे आधी ठरवून, शक्यतो ड्रायव्हरसमोर द्या.

कॅमेरा आणि लेन्स विकत घ्यावी का?

एका ट्रिपसाठी नको. फोर्टात डी. एन. रोडच्या आसपास आणि दादर-अंधेरीकडेही भाड्याने मिळतात. आम्ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतली, आठ दिवसांचे ११ हजार, डिपॉझिट वेगळं. इथे एक चूक टाळा: दुकानातून निघण्याआधी लेन्सचा पुढून-मागून, रिंगचा, माउंटचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दुकानदाराच्या समोर. आम्ही नाही काढला. परत केल्यावर एक ओरखडा दाखवून डिपॉझिटमधले अडीच हजार कापले. तो ओरखडा आधीचा होता हे मला पक्कं माहितीये, पण पुरावा काय?

ट्रायपॉड नेऊ नका, गाडीत उपयोग शून्य. बायकोने जुन्या उशीची खोळ शिवून चेन लावून दिलेली, ती रिकामी नेली आणि नारोकच्या बाजारात दोन किलो राजमा घेऊन भरली. छताच्या कडेवर टाकायची आणि त्यावर लेन्स टेकवायची, फोटो हलत नाहीत. परत येताना राजमा ड्रायव्हरला दिला, खोळ घडी करून बॅगेत.

महागाचा कॅमेरा असेल तर जाताना मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सीरियल नंबर दाखवून, म्हणजे येताना ड्यूटीचा प्रश्न येत नाही. यासाठी तासभर आधी पोचा. ड्रोन अजिबात नको, केनियात परवानगीशिवाय चालत नाही, जप्त करतात.

पैसे कसे न्यायचे?

फॉरेक्स कार्ड आणि थोड्या कॅश डॉलरच्या नोटा. आपलं साधं क्रेडिट कार्ड तिकडे घासलं तर बहुतेक बँका तीन-साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात, लॉजच्या बिलावर ते टोचतं. नोटा नव्या छापाच्या आणि न फाटलेल्या मागून घ्या, जुन्या छापाच्या डॉलरच्या नोटा केनियात घेत नाहीत, आमची ५० ची एक तशीच परत आली. टिपांसाठी १, ५, १० च्या सुट्ट्या हव्यात. पार्कची फी गेटवर कॅशने भरायची भानगड नको, ऑपरेटरकडून आधीच ऑनलाइन भरून घ्या.

खाण्याचं काय, घरून न्यावं का?

लॉजमध्ये तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असतं आणि शाकाहारी छान मिळतं, नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे, चपाती आणि चाय हे शब्द तिकडे स्वाहिलीतच आहेत. आम्ही चकल्या, लाडू, मेतकूट नेलेलं, दिवसभर गाडीत बरं पडतं. पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नका! केनियात ऑगस्ट २०१७ पासून कॅरी बॅगवर कडक बंदी आहे, मोठा दंड असतो, आणि जून २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिक, बाटल्या वगैरे काहीही चालत नाही. डबे आणि कापडी पिशव्या न्या, स्टीलच्या बाटल्या न्या. आमच्या पाण्याच्या खर्चात त्यामुळे निम्मी बचत झाली.

कपड्यांवर खर्च करावा लागतो का?

थोडा. आफ्रिका म्हणजे उकाडा असं डोक्यात असतं आणि मुंबईकराकडे स्वेटर तरी कुठे असतो. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या छताखाली हातमोजे आठवतात. एक जाकीट, एक कानटोपी, बास. आणि इंग्लंडसारखी तीन चौकोनी पिनांची प्लग पिन, ती क्रॉफर्ड मार्केटात शंभर-दीडशेत मिळते, एअरपोर्टवर घेऊ नका.

इन्शुरन्स स्वस्तातला घेतला तर चालेल?

पॉलिसीत एकच गोष्ट शोधा: मेडिकल इव्हॅक्युएशन. माराच्या आत काही झालं तर मोठं हॉस्पिटल नैरोबीलाच आणि तिथे विमानानेच न्यावं लागतं. तो खर्च पॉलिसीत नसेल तर तुमचं बाकी सगळं बजेट काही कामाचं नाही. नैरोबीला अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स आहेत, त्यांची पर्यटकांसाठी मेंबरशिप असते, बरेच ऑपरेटर ती पॅकेजमध्येच देतात, विचारून घ्या.

आफ्रिकेत पैसे भरून शिकारही करता येते म्हणतात. तिचा खर्च किती?

हा प्रश्न दर दोन-तीन जणांमागे एक जण विचारतो म्हणून लिहितो. केनियात शिकार १९७७ पासून बंद आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, टांझानिया अशा देशांत परवाना घेऊन चालते. तिथेही सांगितलेला भाव म्हणजे फक्त रोजचा दर. प्रत्येक प्राण्याची ट्रॉफी फी वेगळी, परवाने, बंदुकीचं भाडं, मुंडकं-कातडं कमावून घेणं आणि जहाजाने पाठवणं वेगळं. आणि प्राणी जखमी होऊन पळाला, सापडला नाही, तरी तो मारल्यातच धरतात आणि पूर्ण फी घेतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि तिकडून वन्यप्राण्याचं काही आणणं म्हणजे परवान्यांचं आणि कस्टम्सचं मोठं लफडं. हस्तिदंताचं बारीकसं पेंडंट, कातड्याचा पट्टा, शिंग, रस्त्यात पडलेलं पीस सुद्धा उचलून आणू नका.

मला स्वतःला विचाराल तर मी जाणार नाही. नैवाशाच्या रस्त्यावर एक म्हातारा जिराफ गाडीपासून दहा फुटांवर उभा राहून आमच्याकडे बघत रवंथ करत होता, पापण्या इतक्या लांब की त्यावर धूळ बसलेली दिसत होती. त्यानंतर हा प्रश्न मला नीट ऐकूही येत नाही.

पैसे साठवायला किती महिने आधी सुरुवात करावी?

आम्ही दोघांचे साडेचार लाख दोन वर्षांत साठवले, महिना १९ हजारांची आरडी. पण रुपया तोपर्यंत थांबत नाही. २०२२ मध्ये डॉलर ८० च्या घरात होता, डिसेंबर २०२५ मध्ये ९० ओलांडला. म्हणून ठरवलेल्या रकमेवर दहा टक्के वर धरा. पार्क फीही वाढतेच, २०२४ ला ऐनवेळी प्लॅन बदलावा लागलेले दोघं आमच्याच सोसायटीत आहेत.

ड्रायव्हरला टिप किती आणि कशी?

आम्ही माणशी रोजचे १० डॉलर धरले, पाच दिवसांचे ५०, म्हणजे चौघांचे मिळून २०० डॉलर. कॅम्पच्या लोकांसाठी माणशी २० वेगळे, ते रिसेप्शनवरच्या डब्यात टाकायचे म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत पोचतात. ड्रायव्हरचे मात्र हातात द्यायचे. साडूने मुंबईहूनच लग्नात देतो तसली पाकिटं नेलेली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. नैरोबीत हॉटेलच्या दारात सामान उतरवून झाल्यावर चौघांच्या वतीने बायकोने दिलं. त्याने पाकीट न उघडता खिशात ठेवलं, पण ते नाणं अंगठ्याने चाचपून बघितलं आणि विचारलं हे का? आम्ही सांगितलं, आमच्याकडे पूर्ण रक्कम देत नाहीत, वर एक देतात, म्हणजे पुन्हा वाढत जातं. मग त्याने ते नाणं काढून गाडीच्या स्टिअरिंगमागे काचेजवळ लावून टाकलं.